दुसऱ्या खेळाडूचा डाव

१

दुरुस्त झालेली वस्तू मी गिऱ्हाइकाच्या हातात लगेच देत नाही. आधी तासभर चालवून बघतो. माझ्या टेबलावर सगळंच शहाण्यासारखं चालतं, घरी नेलं की नाटकं सुरू होतात, आणि मग शिव्या मला.

माझं काम जुन्या व्हिडिओ गेमचं. टीव्हीला जोडायचे डबे, त्यांच्या कॅसेटी, जॉयस्टिक. कधीमधी कुणाच्या गोदामात धूळ खात पडलेलं ते कपाटाएवढं मशीनही येतं, ज्याच्यापुढे एके काळी पोरं नाणं मुठीत धरून उभी असायची. आता हे कोण खेळतं, असं लोक विचारतात. पोट सुटलेली, केस गेलेली माणसं खेळतात. घरी सांगतात, मुलांसाठी आणलाय.

तपासायला माझी एकच कॅसेट ठरलेली आहे. अंतराळातल्या लढाईचा सगळ्यांत जुना गेम. वरून पाच रांगांत किडे येतात. नाव काहीतरी वेगळं असेल, पण आमच्याकडे सगळे त्यांना किडेच म्हणायचे. खाली आपलं एवढंसं यान, त्याच्यापुढे चार भिंती. किडे डावीकडे सरकतात, उजवीकडे सरकतात, एक पायरी खाली उतरतात, आणि मागे आवाज चालू असतो: धब, धब, धब, धब. जितके किडे कमी, तितका आवाज घाईचा. चित्र, आवाज, बटणं, सगळं या एका गेममध्ये कळतं.

मी नेहमी दोन खेळाडूंचा डाव लावतो, कारण डब्याला जॉयस्टिकच्या दोन खाचा असतात आणि दोन्ही बघाव्या लागतात. नियम सोपा आहे. पहिला खेळतो, त्याचं यान फुटलं की दुसऱ्याची पाळी. दुसऱ्याचं फुटलं की परत पहिला. प्रत्येकाला तीन यानं. म्हणजे एकजण मेल्याशिवाय दुसऱ्याला खेळायला मिळत नाही.

त्या सोमवारी दुपारी तीनच्या सुमाराला मी दातांच्या डॉक्टरांचा डबा तपासत होतो. माझं पहिलं यान फुटलं, पडदा क्षणभर काळा झाला, दुसऱ्याची पाळी आली. मी दुसरी जॉयस्टिक घ्यायला हात लांब केला, तेव्हा कळलं की ती जोडायचीच राहिलीय. फळीवर पडली होती, वायर गुंडाळलेली.

यानाने एक गोळी झाडली. थांबलं. मग आणखी एक झाडली.

त्यानंतर ते हललं नाही. किडे खाली उतरले, एक बॉम्ब पडला, आणि पाळी परत माझ्याकडे आली.

२

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, मल्टीमीटरवर आहे. खाच रिकामी असली तरी तिच्यात धूळ असते, ओल असते, शेजारच्या तारेतून थोडा करंट झिरपतो आणि डब्याला वाटतं, बटण दाबलं. असं शंभर वेळा पाहिलंय. मी डबा उघडला, खाच स्पिरिटने धुतली, दोन संशयित कपॅसिटर बदलले, आणि परत लावला.

दुसऱ्याची पाळी आली. एक गोळी. थांबणं. आणखी एक गोळी.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. दुकान खाली आणि घर वर, मधे आतूनच जिना. घरात आम्ही दोघंच. आईवडील गेले, मी लग्न केलं नाही, आणि दादा जाऊन बत्तीस वर्षं झाली. लग्नाला तेव्हा दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती. माहेरचे न्यायला आले होते, पण वहिनी गेल्या नाहीत. सासूसासऱ्यांचं शेवटपर्यंत त्यांनीच केलं, आणि आता माझंही करतात.

कप ठेवून त्यांनी सवयीप्रमाणे भिंतीवरची बटणं बघितली. रिकाम्या खोलीतला पंखा, उगाच चालू राहिलेला दिवा, इस्त्री, गीझर, वहिनी सगळं बंद करत जातात आणि परत येऊन बघतात.

"हा दिवा कशाला चालू आहे? बटण बंद करायला तुमच्या घराण्यात हात झिजतात का हो?"

"राहिला, वहिनी."

"त्यांचंही राहिलं होतं." वहिनी म्हणाल्या. "एवढा हुशार माणूस, सगळ्या गावाची मशीनं नीट करायचा. आणि स्वतः मशीनमध्ये हात घालताना विजेची पिन काढायला विसरला! दुसऱ्याचा जन्म फुकट घालवायला एवढं पुरतं."

हे वाक्य मी बत्तीस वर्षं ऐकतोय. चिडून, रडून, आणि आता नुसतं मीठ द्या म्हणावं इतक्या सहजपणे. दादाबद्दल त्या दुसरं काही बोलतच नाहीत. त्यांच्या मनात दादाचं जेवढं काही उरलंय, ते एवढंच: निष्काळजी माणूस.

दादा निष्काळजी नव्हता. हे जगात फक्त मला माहीत आहे, आणि दर वेळी मी चहाचा कप तोंडाला लावतो.

३

मंगळवारी मी दुसरी जॉयस्टिक मुद्दाम घरात, वर ठेवून आलो. खाचेवर चिकटपट्टी लावली. एवढं केल्यावर कुठली धूळ येते ते बघू, म्हटलं.

माझं यान फुटलं. काळा पडदा. दुसरं यान आलं. एक गोळी, थांबणं, एक गोळी, थांबणं. आणि या वेळी ते खेळायला लागलं.

झिरपलेला करंट खेळत नाही. तो थरथरतो, एका बाजूला ओढतो, बटण दाबून धरतो. हे यान डावीकडच्या रांगेपासून सुरुवात करून एकेक उभी ओळ खालून वर साफ करत चाललं होतं. घाई नाही, वाया गोळी नाही. बॉम्ब आला की अर्धं बोट सरकायचं, जास्त नाही. दुपारची वेळ होती, बाहेर रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं आणि ती होत नव्हती. मी स्टुलावर बसून बघत होतो. मला हसू येत होतं, का ते सांगता येणार नाही.

मग वरून लाल तबकडी निघाली. या गेममध्ये सगळ्यांत वर, किड्यांच्याही मागून, मधूनच ही तबकडी शिट्टी वाजवत एका कडेहून दुसऱ्या कडेला जाते. तिला पाडलं की भरघोस गुण. जगात ज्याने ज्याने हा गेम खेळला असेल, तो तिच्यासाठी जीव टाकतो.

दुसऱ्याचं यान बरोबर तिच्याखाली होतं. त्याने गोळीबार थांबवला. तबकडी आरामात डोक्यावरून गेली, पलीकडे दिसेनाशी झाली, आणि मगच त्याने पुढचा किडा मारला.

मी उठून टीव्ही बंद केला. 

आमच्या वडिलांचं गेमचं दुकान होतं, आठ मशीनांचं. दादा दुरुस्ती करायचा, मी गल्ल्यावर. दुपारी गर्दी नसली की दादा तीन नंबरच्या मशीनवर एक डाव खेळायचा. लाल तबकडी आली की बटणावरचा हात उचलायचा. मी ओरडायचो, "अरे मार ना!"

"पाहुणा आहे तो, धाकट्या," दादा म्हणायचा. "या मारामारीशी त्याचा काय संबंध? जाऊ दे त्याला."

४

आता काय झालं ते लिहितो. लिहायला सोपं आहे, फार तर दहा ओळी होतील.

मशीनच्या मागचं दार उघडून आत हात घालायचा असेल तर आमच्याकडे एक पद्धत होती, दादानेच घालून दिलेली. मागे बसलेल्याला भिंतीतली पिन दिसत नाही. म्हणून तो विचारणार, "काढली?" पुढे उभा असलेला पिन काढून सांगणार, "काढली." मग तो परत विचारणार, "काढली?" आणि पुढच्याने हातातली पिन बघून परत सांगायचं. दोनदा विचारल्याशिवाय दादाने कधी आत बोटसुद्धा घातलं नाही. मी चेष्टा करायचो. तो म्हणायचा, एकदा तोंड उत्तर देतं, दुसऱ्यांदा माणूस देतो.

त्या दिवशी सकाळी मी तीन नंबरवर अडतीस हजार चारशे साठ केले होते. आमच्या दुकानातला तोपर्यंतचा सगळ्यांत मोठा आकडा. त्या मशीनांना स्मरण नसतं. वीज आहे तोवर आकडा वर झळकतो, पिन काढली की पुसला जातो, जणू कुणी खेळलंच नाही. मित्र चार वाजता बघायला येणार होते. मी अठरा वर्षांचा होतो.

दुपारी तीनला चित्र उड्या मारायला लागलं. दादा मागे जाऊन बसला. म्हणाला, "काढली?"

मला वाटलं, एखादा स्क्रू फिरवेल, दोन मिनिटांचं काम. मी पुढचं झाकण उघडून ब्राइटनेस पार खाली केला, वरचा दिवा मालवला. मशीन मेल्यासारखं काळं झालं. बाकीची सात गुरगुरत होती, त्यात याचा आवाज कुणाला कळणार?

"काढली," मी म्हणालो.

"काढली?"

"काढली रे बाबा."

त्यानंतर मी पिन खरोखर काढली, पण तेव्हा उशीर झाला होता. वडील धावत आले तेव्हा पिन माझ्या हातात होती. सगळ्यांनी आपापल्या परीने अर्थ लावला: थोरला विसरला, धाकट्याने पिन काढून वाचवायचा प्रयत्न केला. मला शाबासकी मिळाली. पोराने प्रसंगावधान राखलं, असं चार लोक म्हणाले. त्या वेळी बोलायला हवं होतं. मग तेराव्यापर्यंत बोलू म्हटलं, मग वर्षश्राद्धापर्यंत. मग वहिनी रागवायला लागल्या होत्या, आणि रागावर त्या जगत होत्या. तो राग काढून घेतला तर त्या कशावर जगतील, असं मी स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला काय वाटेल ते सांगतो.

५

बुधवारी डॉक्टरांचा फोन आला.

"झाला का आमचा डबा?"

"एक खोड राहिलीय," मी म्हणालो.

"वेदना होतात का त्याला?" डॉक्टर स्वतःच्या विनोदावर हसले. "मुळापर्यंत जायचं, काय? वरवर भरून उपयोग नाही."

मी हो म्हटलं आणि दुपारची वाट बघत बसलो. खरं तर डबा सकाळीही लावून बघितला होता. सकाळी दुसरं यान नुसतं उभं राहिलं, कुठल्याही रिकाम्या खाचेचं राहावं तसं. दुसरे दोन डबे लावून बघितले, त्यांतही काही नाही. तीन वाजता याच डब्यात एक गोळी सुटली आणि थांबली.

त्या थांबण्याकडे मी पहिल्यांदा नीट लक्ष दिलं. साधारण तीन सेकंद. दुसऱ्या गोळीनंतरही तेवढंच. खेळाडू नेम धरायला थांबतो तसं ते नव्हतं, कारण समोर कुणी नव्हतंच. गोळी दोन किड्यांच्या मधून वर जाऊन नाहीशी होत होती.

गुरुवारी मला कळलं. कळलं तेव्हा मी हातातला स्क्रूड्रायव्हर सावकाश खाली ठेवला, आवाज होऊ नये म्हणून. दुकानात कोणी नसताना मी कुणासाठी आवाज दाबत होतो, कोण जाणे.

तो विचारत होता. एकदा विचारून उत्तराला थांबत होता, मग पद्धतीप्रमाणे परत विचारत होता.

 आपण पन्नाशीचे गृहस्थ आहोत, टीव्हीशी बोलणार नाही, असं मी ठरवलं. यान उत्तराची वाट बघत उभं राहिलं, आणि मग नेहमीसारखं खेळायला लागलं, समजूतदारपणे. तो समजूतदारपणा मला सोसवेना. दादा चिडला असता, टीव्ही फुटला असता, काहीही चाललं असतं. तो माझ्या उत्तरावर विश्वास ठेवायला बत्तीस वर्षांनंतरही तयार होता.

६

शुक्रवारी मी जेवलो नाही. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. तीन वाजता डाव लावला आणि पहिलं यान लगेच फुटू दिलं.

काळा पडदा. दुसऱ्याची पाळी.

एक गोळी.

 तीन सेकंद गेले. दुसरी गोळी सुटली.

"नाही काढली, दादा," मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो, कारण मागे बसलेल्या माणसाला ऐकू जावं म्हणून आम्ही मोठ्यानेच बोलायचो. "नाही काढली. हात घालू नकोस. मी खोटं बोललो, पिन लागलेलीच आहे."

धबधब थांबलं. किडे जागच्या जागी उभे राहिले. या गेमला मधेच थांबवायचं बटण नाही. ते या डब्यात कुठेच नाही, मी आतून बाहेरून ओळखतो तो.

"कुठली पिन?" मागून आवाज आला.

वहिनी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होत्या. हातात पोटाचं काहीतरी औषध, वाटीत कालवलेलं.

"कुठली पिन, भाऊजी?"

मी सांगितलं. वर दहा ओळींत लिहिलं तेवढंच सांगितलं, त्याच क्रमाने.  वहिनी वाटी दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. 

"किती होता?" वहिनींनी विचारलं.

"काय?"

"तो तुमचा आकडा."

"अडतीस हजार चारशे साठ."

वहिनींनी मान हलवली, दुकानदाराने भाव सांगितल्यावर हलवतात तशी. "म्हणजे पुष्कळ असतो का?"

यापेक्षा त्यांनी वाटी फेकून मारली असती तर बरं झालं असतं.

"नाही, वहिनी," मी म्हणालो. "थोडा हात बसला की कुणीही करतो."

त्या खाली पायरीवर बसल्या. "मी त्यांना रोज बोलले, भाऊजी. एक दिवस सोडला नाही. देवापुढे दिवा लावतानासुद्धा बोलले. गेलेल्या माणसाला उलटून बोलता येत नाही, आणि मी आपली..." 

मी रडत होतो. त्या रडत नव्हत्या.

७

धब, धब, धब, धब.

किडे चालायला लागले होते. दुसऱ्याचं यान डावीकडच्या भिंतीआड शिरलं आणि तिच्यातच गोळ्या मारायला लागलं. एकाच जागी, वरच्यावर. भिंतीला बारीक भोक पडलं, आणि त्या भोकातून एकेक गोळी वर जायला लागली. किडे पडत होते. त्यांचे बॉम्ब भिंतीवर आदळून विरत होते.

वहिनींनी मान वर केली. पडद्याकडे बघत हळूहळू उठल्या आणि टेबलापाशी आल्या. त्यांचा चेहरा असा मी कधी बघितला नव्हता. म्हणजे बघितला असेल, पण तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या.

"अहो," वहिनी म्हणाल्या.

वहिनींनी हा शब्द बत्तीस वर्षं उच्चारला नव्हता. ज्याला म्हणायचा तो माणूसच नव्हता.

"अहो, किती वेळा सांगितलं, आपलीच भिंत काय फोडता? मग बसायला आडोसा राहत नाही." त्यांचा आवाज बारीक झाला. "माझं चुकलं. मी उगाच बोलत राहिले तुम्हाला. ऐकलंत ना सगळं? मी नाही बोलणार आता."

यान भोकाखालून किंचित सरकलं, आणि परत जागेवर आलं.

दुसरी जॉयस्टिक मी बुधवारी वरून परत आणून फळीवर ठेवली होती. वहिनींनी ती उचलली, माझं स्टूल ओढून घेतलं, आणि जॉयस्टिक मांडीवर ठेवून बसल्या. वायर खाली लोंबत होती, तिचं टोक फरशीवर पडलं होतं. ती कशालाही जोडलेली नव्हती. वहिनींनी उजवा हात दांड्यावर ठेवला.

ठेवला असं मला आधी वाटलं. मग दिसलं की त्यांचा तळवा दांड्याला लागलेलाच नाही. तळवा आणि दांडा यांच्यामध्ये अंतर होतं, आणि त्या अंतरावर बोटं अलगद वाकलेली होती, कुणाच्या हातावर हात ठेवावा तशी. खालचा दांडा डावीकडे कलला. यान डावीकडे गेलं. वहिनींचा हात त्याच्याबरोबर गेला, वरच्या वर.

मी तिकडे फार वेळ बघू शकलो नाही. भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, माझी हत्यारं बघितली.

त्या त्याच्याशी बोलत होत्या. आई कशी गेली ते, वरच्या खोलीला रंग दिला ते, गुडघे दुखतात ते. फार बारीक आवाजात, आणि मला ऐकू नये असं त्यातलं पुष्कळ होतं. तो खेळत होता. मी त्याला एवढा चांगला खेळताना कधी बघितलं नव्हतं. मग किडे अगदी खाली आले, भिंत संपली, आणि एक बॉम्ब त्याला लागला.

पडदा काळा झाला. वहिनींचा हात तसाच, अधांतरी राहिला.

माझी पाळी आली. माझं यान खाली उभं राहिलं, नवं कोरं, चार भिंतींच्या आड. वरून किडे निघाले. मी जॉयस्टिक हातात घेतली आणि वहिनींकडे बघितलं. काहीतरी म्हणतील, शिवी देतील, निदान माझ्याकडे बघतील असं वाटलं.

वहिनींनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "तुमचं आटपा लवकर."

मी यान भिंतीआडून बाहेर काढलं आणि पहिला बॉम्ब पडत होता त्याच्याखाली नेऊन उभं केलं.